कपाटाच्या दारावरचा कागद

बनशंकरी सेकंड स्टेजमधल्या आमच्या स्वयंपाकघरात, कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. चिकटपट्टी तीनदा बदलली, कागद तोच आहे. त्यावर दोन रकाने आहेत. डाव्या रकान्यावर ह्यांचं नाव, उजव्यावर धाकट्या दिरांचं. खाली सात ओळी आहेत: हिपॅटायटिस बी, बी-कोअर, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, सीएमव्ही, ईबीव्ही, कांजिण्या. प्रत्येक ओळीपुढे दोघांचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आणि तपासणीची तारीख. ह्यांचं यकृत २०१८च्या सप्टेंबरात बदललं. भाऊजींनी आपल्या यकृताचा उजवा भाग दिला.

तेव्हापासून बेळगाव, सांगली, सोलापूरकडून बेंगळुरूला ट्रान्सप्लांटसाठी येणारी कुटुंबं कुणाकुणाकडून आमचा नंबर घेऊन फोन करतात. खोली कुठे मिळेल, डबा कोण देतं, खर्च किती येतो, भाषेचं कसं करायचं, असे सगळे प्रश्न असतात. मी उत्तरं देते, पण आधी विचारते, ‘तुमच्याकडे दोघांचा कागद आहे का? पेशंटचा आणि देणाऱ्याचा?’ फाईल हातभर जाड असते आणि तेवढा एकच कागद तिच्यात नसतो. तपासण्या सगळ्या झालेल्या असतात, रिपोर्ट वेगवेगळ्या खिशांत असतात, पण ‘कोणता विषाणू कोणाकडून येऊ शकतो’ हे घरातल्या एकालाही सांगता येत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मी डॉक्टर नाही. इथे जे लिहिते आहे ते गेल्या काही वर्षांत डॉक्टरांना विचारून, पुन्हा विचारून पक्कं केलेलं आहे. तरी औषधाची मात्रा आणि निर्णय तुमच्या ट्रान्सप्लांट टीमचाच.

एक गोष्ट नीट समजली की बाकी सगळं आपोआप उलगडतं. ऑपरेशननंतर सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा रक्त तपासतात. त्यात एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास होतोय हे सांगणारा आकडा, वाढलेलं दिसलं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. ते वाढण्याची पुष्कळ कारणं असतात. पित्तनलिकेची अडचण असू शकते, एखादं औषध बाधलेलं असू शकतं. पण ज्या दोन कारणांमध्ये गल्लत होणं सगळ्यांत महागात पडतं ती अशी. एक, शरीर नव्या यकृताला परकं मानून त्याच्यावर उठलेलं असतं. याला रिजेक्शन म्हणतात. दोन, एखादा विषाणू यकृतात जागा झालेला असतो. दोन्ही वेळा आकडा तसाच चढतो, दोन्ही वेळा माणूस तसाच मरगळतो. उपाय मात्र एकमेकांच्या उलट. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवायची, बहुतेकदा स्टेरॉइड द्यायचं. विषाणू असेल तर तीच औषधं जपून उतरवायची आणि विषाणूवरचं औषध सुरू करायचं. ओळखण्यात चूक झाली तर एकाचं औषध दुसऱ्याला खतपाणी होतं. म्हणून डॉक्टर रक्तातला विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी करतात, कधी सुईने यकृताचा तुकडा काढून बायोप्सी करतात. ‘पुन्हा सुई कशाला टोचताय?’ असं म्हणून त्यांच्याशी हुज्जत घालू नका. मी घातली होती.

देणारा आणि घेणारा यांच्यात कुणाला पूर्वी काय होऊन गेलं आहे, हे कागदावर असलं की शोध कुठून सुरू करायचा ते लगेच कळतं. रात्री अकरा वाजता इमर्जन्सीत नवखे डॉक्टर असतात, तेव्हा तो कागद दहा पानी डिस्चार्ज समरीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

बी: घराण्यातून आलेला

ह्यांचं यकृत हिपॅटायटिस बीने गेलं. २००९ साली ऑफिसातल्या रक्तदान शिबिरानंतर पत्र आलं होतं, की तुमच्या रक्तात एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे, डॉक्टरांना भेटा. ह्यांना काहीच होत नव्हतं. भूक होती, झोप होती, रोज सकाळी पाच किलोमीटर चालणं होतं. अंगावर काढायलासुद्धा काही नव्हतं, म्हणून पत्र ड्रॉवरमध्ये गेलं. २०१६च्या दिवाळीत पोटात पाणी झालं तेव्हा ते पत्र बाहेर निघालं.

म्हणून पहिलं सांगणं त्यांना, ज्यांचं यकृत अजून चांगलं आहे. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे आजार संपला असं नाही आणि उद्याच यकृत जाईल असंही नाही. सहा-सहा महिन्यांनी एसजीपीटी, विषाणूचं डीएनए आणि सोनोग्राफी एवढं नेमाने करायचं आणि डॉक्टर सांगतील त्या दिवशी गोळी सुरू करायची. २८ जुलै २०१८पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. बी आणि सीची तपासणी आणि औषधं त्यात सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २८ जुलै हा बी विषाणू शोधणाऱ्या बारूख ब्लमबर्ग यांचा जन्मदिवस, म्हणून त्या दिवशी जागतिक हिपॅटायटिस दिन असतो. आमच्यासाठी हा कार्यक्रम दोन महिने आधी आला, की नऊ वर्षं उशिरा, याचा विचार मी करत नाही.

दुसरं सांगणं भावंडांना. आपल्याकडे बी बऱ्याचदा बाळंतपणात आईकडून बाळाला जातो, आणि इतक्या लहानपणी लागलेला विषाणू बहुधा जन्मभर मुक्कामाला राहतो. ह्यांचं निदान झाल्यावर डॉक्टरांनी तिघाही भावंडांचं रक्त मागवलं. सांगलीच्या वन्सं पॉझिटिव्ह निघाल्या, त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या आज रोज एक गोळी घेतात आणि ठणठणीत आहेत. सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली होती, त्यांना काय होतं ते आता कुणी सांगू शकत नाही. वन्संच्या मुलीला दिवस गेले तेव्हा पहिल्या तपासणीतच तिची बीची चाचणी केली. ती निगेटिव्ह होती. पॉझिटिव्ह असती, तर बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यावं लागलं असतं. जन्मतःच द्यायचा लशीचा डोस सरकारी कार्यक्रमात प्रत्येक बाळासाठी आहे. तो चुकवू नका, ‘नंतर देऊ’ म्हणू नका.

भाऊजींच्या रिपोर्टने आम्ही सगळेच घाबरलो होतो. एचबीएसएजी निगेटिव्ह, पण बी-कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह. याचा अर्थ, कधीतरी विषाणू येऊन गेला, शरीराने त्याला हरवलं, पण त्याच्या खुणा यकृताच्या पेशींत दडून राहिल्या. अशा माणसाला स्वतःला सहसा त्रास नसतो. त्याचं यकृत दुसऱ्याच्या शरीरात गेलं आणि तिथे प्रतिकारशक्ती दाबलेली असली, की दडलेला विषाणू डोकं वर काढू शकतो. ज्याला आयुष्यात कधी बी झाला नाही अशा माणसाला असं यकृत बसवलं, तरी त्याला विषाणूविरोधी गोळी लागते, आणि ती बहुधा कायमची. ह्यांना ती गोळी तशीही चालूच होती, म्हणून डॉक्टर म्हणाले, हे यकृत चालेल. तेव्हा ‘कोअर पॉझिटिव्ह’ शब्द ऐकला म्हणून देणाऱ्याला लगेच बाद करू नका, आणि चालतंय म्हणून तो शब्द विसरूनही जाऊ नका. आमच्या कागदावर ती ओळ लाल पेनाने लिहिली आहे.

एके काळी बीच्या पेशंटना यकृत बदलून देणं फुकट जाईल अशी धास्ती होती, कारण काही उपाय केला नाही तर दहांतल्या आठांच्या नव्या यकृतात विषाणू परत येई. १९९३ साली युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की बीचं इम्युनोग्लोब्युलिन दीर्घकाळ देत राहिलं तर हे परतणं बरंच कमी होतं. पुढे एन्टेकाव्हिर आणि टेनोफोव्हिर आल्या. आज गोळी नियमित असेल तर विषाणू परत येण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली असतं. सगळी मेख त्या ‘नियमित’मध्ये आहे. ह्यांची गोळी एकदा तीन दिवस चुकली, मुलीच्या लग्नाच्या गडबडीत. काही झालं नाही, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला पुन्हा बघायचं नाही. गावाला जाताना गोळ्यांचे दोन भाग करा, एक बॅगेत, एक पर्समध्ये. तुमच्या डॉक्टरांना दोन प्रश्न मुद्दाम विचारा: इम्युनोग्लोब्युलिन किती दिवस लागेल, कारण ते फार महाग आहे आणि पैशांची तयारी आधी करावी लागते, आणि माझ्या पेशंटच्या किडनीला दोन्हींपैकी कोणती गोळी सोसेल.

सीबद्दल थोडक्यात. हा विषाणू १९८९ साली सापडला. ऑपरेशनच्या वेळी रक्तात असेल तर तो नव्या यकृतात परततोच, आणि पूर्वी पाच वर्षांत बऱ्याच जणांचं नवं यकृतही त्याने आवळून टाकलेलं असे. आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांत कायमचा जातो, ट्रान्सप्लांट झालेल्यांतही. प्रश्न उरतो तो उपचार ऑपरेशनच्या आधी की नंतर, एवढाच. यकृत फारच थकलेलं असेल तर डॉक्टर मुद्दाम नंतर करतात. ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका.

संक्रांतीनंतरचा ताप

सीएमव्ही हे नाव ट्रान्सप्लांटच्या घरात रोजचं होतं, बाहेर कुणी ऐकलेलं नसतं. पूर्ण नाव सायटोमेगालोव्हायरस. आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, एखाद्या साध्या तापासारखा, आणि तो शरीरात झोपून राहतो. औषधांनी पहारा ढिला पडला की जागा होतो. सगळ्यांत धोका कुणाला? ज्याला तो कधीच झालेला नाही आणि देणाऱ्याला झालेला आहे, त्याला. लहान मुलांमध्ये हा मेळ जास्त दिसतो. डॉक्टर दोहोंपैकी एक वाट धरतात: तीन ते सहा महिने व्हॅलगॅन्सायक्लोव्हिरची गोळी देऊन त्याला उठूच द्यायचं नाही, किंवा दर आठवड्याला पीसीआर करून तो उठताक्षणी पकडायचा. तुमच्याकडे कोणती वाट आहे ते विचारून कागदावर लिहा. दुसरी असेल तर एकही आठवडा चुकवता येत नाही. ‘या रविवारी पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात जाऊ’ हे चालत नाही.

ह्यांची गोळी तीन महिन्यांनी बंद झाली. सुटलो असं वाटलं. संक्रांत झाली, तिळगुळ वाटून झाला आणि चार-पाच दिवसांनी ह्यांना कसकस आली. थर्मामीटर ९९.८. दोन वेळा पातळ झालं, जेवण जाईना. मी म्हटलं, परवा बाहेर खाल्लेल्या इडलीची चटणी बाधली असेल. जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांना ट्रान्सप्लांटचं सांगितलं, पण औषधांची यादी घरीच राहिली होती. घसा लाल दिसतोय म्हणून त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी चहाचा कप उचलला आणि बशीत कप खडखडायला लागला. हात इतके थरथरत होते, की चहा लुंगीवर सांडला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

झालं होतं असं. यकृत टिकवणारं मुख्य औषध टॅक्रोलिमस. क्लॅरिथ्रोमायसिन शरीरात त्याचा निचरा होऊ देत नाही, आणि जुलाबांनीही त्याची रक्तातली पातळी चढते. दोन्ही एकदम झालं. पातळी हवी त्याच्या जवळपास तिप्पट निघाली, किडनीचा आकडा हलला. आणि मुळातला ताप इडलीचा नव्हताच. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या, सीएमव्हीचं पीसीआर पॉझिटिव्ह होतं. ॲडमिट केलं, व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर पूर्ण मात्रेत सुरू झालं, प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध, मायकोफेनोलेट, कमी केलं, रक्तातला विषाणू दिसेनासा होईपर्यंत आठवड्याला पीसीआर. महिना गेला. सीएमव्ही नुसता ताप आणून थांबत नाही. त्याच्या मागोमाग बुरशीचे संसर्ग आणि रिजेक्शनही डोकावतात, हे तेव्हा समजलं.

त्या महिन्याने जे शिकवलं ते असं. प्रतिबंधाची गोळी थांबल्यानंतरचे दोन-तीन महिने डोळ्यांत तेल घालून बघायचे असतात, कारण झोपलेला विषाणू बऱ्याचदा त्याच वेळी उठतो. ९९ ते १०० ची कसकस, मळमळ, पातळ शौच, विनाकारण गळून जाणं, एवढंही फोन करायला पुरेसं आहे. १००.४ झाला की वाट बघायचीच नाही, रात्र असली तरी. स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबतो, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका, माणसाकडे बघा. आणि कुठल्याही डॉक्टरांनी, दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा, नवं औषध लिहिलं की पहिली गोळी पोटात जाण्याआधी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला त्याचा फोटो पाठवा. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल टॅक्रोलिमस चढवतात; टीबीचं रिफॅम्पिसिन ते पाडतं. कोविडवरच्या गोळ्यांच्या एका जोडीत रिटोनाव्हिर असतं, ते तर टॅक्रोलिमस कित्येक पटींनी चढवतं. अंगदुखीसाठी ब्रुफेन, डायक्लोफिनॅक घरात ठेवूच नका, किडनीवर दुहेरी भार पडतो. पॅरासिटामॉलही ठरवून दिलेल्या मात्रेतच.

याच हिशेबात एक फळही आहे. गौरी-गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे पपनस आणतात, आणि बेंगळुरूत तर देवनहळ्ळीचा चक्कोता, म्हणजे पपनसच, प्रसिद्ध. ते टॅक्रोलिमसची पातळी चढवतं. देवापुढे ठेवा, घरातल्या इतरांनी खा, पेशंटच्या ताटात फोड जाऊ देऊ नका. मोसंबी चालते का, असा प्रश्न लगेच येतो. तो तुमच्या आहारतज्ज्ञांना विचारा, प्रत्येक केंद्राची यादी थोडी वेगळी असते.

आणि काढे. प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेल द्या, असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात येतं, प्रेमाने येतं. पण ज्याची प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम, पैसे खर्चून दाबून ठेवली आहे, त्याला ती वाढवणारं काही द्यायचं कसं? शिवाय गुळवेलीनंतर यकृताला सूज आल्याच्या काही केसेस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या होत्या. कावीळ उतरवणं, चुन्याच्या पाण्यात हात धुणं, दंडाला गंडा बांधणं, याने होणारं नुकसान एकच, पण मोठं: दिवस वाया जातात.

पाणी, डास आणि नातवंडं

सहा महिने सरले की धोका पुष्कळ उतरतो आणि गल्लीतले, घरातले साधे संसर्ग पुढे येतात.

बेंगळुरूत घराखाली पाण्याचा संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, असतो. कावेरीचं पाणी एक दिवसाआड येतं, ते संपात साठतं, कमी पडलं की टँकर मागवतात. २०२४च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याचे हाल झाले तेव्हा आमच्या गल्लीत रोज टँकर लागत होते, कुठल्या बोअरचं पाणी कुणाला ठाऊक. हिपॅटायटिस ए आणि ई पाण्यातून येतात. इचलकरंजीत २०१२ साली नळाच्या पाण्यातून पसरलेली कावीळ कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना आठवत असेल, ती ईची साथ होती. ईवर आपल्याकडे नेहमीच्या वापरात लस नाही, म्हणून पाणी उकळणं हाच उपाय. खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तसंच ठेवायचं, झाकून गार करायचं, त्याच भांड्यातून ओगराळ्याने घ्यायचं. फिल्टर असला तरी आम्ही उकळतो. दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, गरम डोसा चालेल, चटणी नको, ती कच्च्या पाण्यात वाटलेली असते. उसाचा रस आणि त्यातला बर्फ नको. संप वर्षातून दोनदा उपसून घासायचा आणि ड्रेनेजची पाइप किती लांबून जाते ते प्लंबरकडून एकदा बघून घ्यायचं.

डेंगीची गोष्ट भाऊजींची आहे. ऑपरेशन ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ठरलं होतं. चार दिवस आधी त्यांचं अंग तापलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गुपचूप पॅरासिटामॉल घेतली, कारण तारीख पुढे गेली तर दादाचं काय होईल ही धास्ती. जावेने डबा भरताना हात लावला आणि तिने मला फोन केला. मी कोऑर्डिनेटरला सांगितलं. डेंगीची एनएस-वन चाचणी पॉझिटिव्ह आली. ऑपरेशन सप्टेंबरात गेलं. भाऊजी आठ दिवस जावेशी बोलले नाहीत. पण रक्तात डेंगी असलेल्या माणसाचं यकृत घेतलं असतं तर तो विषाणू ह्यांच्याही अंगात गेला असता, आणि स्वतः भाऊजींना टेबलावर रक्तस्रावाचा धोका होता. देणाऱ्यांनो, तुमचा ताप, तुमची सर्दी, पंधरा दिवसांपूर्वी केलेला परदेश प्रवास, आधीच्या वर्षी गोंदवून घेतलेला हात, सगळं सांगा. तारीख पुन्हा मिळते. पेशंटलाही पावसाळ्यात ताप आला तर पहिल्या चार-पाच दिवसांतच एनएस-वन करा. प्रतिकारशक्ती दाबलेली असली की नंतरच्या अँटिबॉडीच्या तपासणीवर तितका भरवसा ठेवता येत नाही. २०२४ साली कर्नाटक सरकारने डेंगीला साथीचा रोग म्हणून अधिसूचित केलं. आमच्या घरी मात्र कुंड्यांखालच्या बशा त्याच्या कितीतरी आधीच हद्दपार झाल्या होत्या.

आता लशी. यकृत निकामी होऊ लागलंय असं कळल्या दिवसापासून त्यांचा विचार करा, ट्रान्सप्लांटची तारीख ठरण्याची वाट बघू नका, कारण माणूस जितका थकतो तितकी लस कमी लागू पडते. ज्याला बी झालेला नाही त्याला बीची लस, बऱ्याचदा दुप्पट मात्रेत, आणि नंतर रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी दहाच्या वर गेली का ते तपासून. एची लस. न्यूमोनियाची. दरवर्षी फ्लूची, इंजेक्शनची. कांजिण्या आणि गोवर-गालगुंड-रुबेला या जिवंत विषाणूंच्या लशी आहेत, त्या गरज असेल तर ऑपरेशनच्या किमान महिनाभर आधी आटपायच्या. नंतर त्या सहसा देत नाहीत. एक खास आपल्याकडची खबरदारी: हिपॅटायटिस एची लस भारतात दोन प्रकारची मिळते, एक निर्जीव, एक जिवंत. ट्रान्सप्लांटनंतर निर्जीवच हवी. दुकानातून आणताना नाव वाचून घ्या. नागिणीची नवी निर्जीव लसही २०२३पासून मिळते, डॉक्टरांना विचारा.

घरातल्या सगळ्यांच्या लशी म्हणजे पेशंटभोवतीचं कुंपण. मुलांना गोवर, कांजिण्यांच्या लशी जरूर द्या. लशीनंतर अंगावर पुरळ उठलं तर ते जाईपर्यंत आजोबांपासून लांब ठेवा. पोलिओच्या थेंबांचा विषाणू मात्र बाळाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडत राहतो. बालरोगतज्ज्ञांना घरात ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे हे सांगा, ते इंजेक्शनच्या पोलिओ लशीचं बघतील. आमच्या नातवाला पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर थेंब पाजून झाले होते आणि मग मला आठवलं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण काही आठवडे आजोबांनी लंगोट बदलायचा नाही, मांडीवर घेतलं तर हात साबणाने धुवायचे. रोटाव्हायरसच्या थेंबांनंतरही तेच. ह्यांना याचं फार वाईट वाटलं, लंगोट बदलणं हा त्यांचा हौसेचा भाग होता.

शाळेत कांजिण्यांची साथ आली आणि पेशंट त्या मुलाजवळ बसला असेल, तर पुरळ उठण्याची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. बचावाचं इंजेक्शन पहिल्या काही दिवसांतच उपयोगी असतं. पेशंट लहान मूल असेल तर ईबीव्हीची ओळ कागदावर ठळक करा. मोठ्या माणसाकडून आलेल्या यकृताबरोबर तो विषाणू पहिल्यांदाच मुलात जातो, आणि क्वचित त्यातून लसिकाग्रंथींचा कॅन्सरसारखा आजार होतो. मानेत, काखेत गाठ, न उतरणारा ताप, वजन घटणं, टॉन्सिल अचानक मोठे होणं, यांपैकी काही दिसलं तर कानाडोळा करू नका. लवकर लक्षात आलं तर कधीकधी औषधं कमी करण्यानेच तो मागे हटतो.

आमचं कुलदैवत बदामीची बनशंकरी. बेंगळुरूत घर घेताना ह्यांनी याच भागाचा हट्ट धरला तो तेवढ्याचसाठी. मंगळवारी, शुक्रवारी राहूकाळात कनकपुरा रोडवरच्या देवळात लिंबाच्या सालीत दिवे लावायला माणसांचा पूर लोटतो. घरी आल्यावर पहिल्याच मंगळवारी ह्यांना दर्शनाला जायचं होतं. पहिले तीन महिने, पुढेही सहा महिन्यांपर्यंत शक्य तेवढं, गर्दी टाळायची. मी एकटीने जाऊन दिवे लावले, ह्यांनी फोनवर कळस पाहिला. आता ते जातात, बुधवारी दुपारी, मास्क लावून, देऊळ मोकळं असतं तेव्हा.

कागदाच्या तळाशी एक फोन नंबर आहे आणि पाच शब्द: ताप, पोट, लघवी, गोळ्या, पातळी. रात्री फोन करताना जीव थाऱ्यावर नसतो, म्हणून ते लिहून ठेवले. ताप किती आणि कधीपासून. पोट बिघडलंय का, किती वेळा. लघवी कमी किंवा गडद झालीय का. शेवटची टॅक्रोलिमस किती वाजता घेतली, मध्ये कोणतं नवीन औषध पोटात गेलं. टॅक्रोलिमसची मागची पातळी किती होती, कुठल्या तारखेची. पलीकडची सिस्टर याच क्रमाने विचारते. आणि लगेच रक्त द्यायला या असं म्हणाली, तर सकाळची टॅक्रोलिमस घेण्याआधी निघायचं, गोळी बरोबर ठेवायची, रक्त दिल्यावर तिथेच घ्यायची.